कन्या की फोर्नॅक्स? अंधुक ठिपके मोजायला बसण्यापूर्वी

बटू दीर्घिका (छोट्या, मंद दीर्घिका) आणि त्यांच्याभोवतीचे गोलाकार तारकागुच्छ (ताऱ्यांचे जुने, घट्ट गोळे) यांवर काम करायचं ठरलं की पहिल्याच महिन्यात हा प्रश्न पडतो: दीर्घिकांचा कन्या समूह घ्यायचा की फोर्नॅक्स समूह? मी दोन्हीकडे राहून आलोय. दीडेक वर्ष कन्येत काढलं, मग फोर्नॅक्समध्ये गेलो आणि तिथेच रमलो. तेव्हा पुढचं वाचताना माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं आहे हे धरून चाला.

माल बघायचा तर कन्या समूहाला तोड नाही. बिंगेली, सँडेज आणि टामान यांच्या १९८५ च्या यादीत २०९६ दीर्घिका आहेत. फर्ग्युसनने १९८९ मध्ये फोर्नॅक्सचे सदस्य मोजले ते ३४०. नंतरच्या खोल छायाचित्रांनी दोन्ही आकडे बरेच वाढवले, पण प्रमाणाचा अंदाज यावरून येतो. कन्येतल्या एकट्या एम ८७ या राक्षसी दीर्घिकेभोवती बारा हजारांच्या आसपास गुच्छ आहेत. शिवाय कन्या जवळ आहे: १६.५ मेगापारसेक, तर फोर्नॅक्स २० (एक मेगापारसेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं). म्हणजे सर्वाधिक गुच्छ ज्या तेजाचे असतात ती दृश्यप्रत (आकडा मोठा तितका ठिपका मंद) कन्येत २३.७ च्या आसपास, फोर्नॅक्समध्ये २४.१. हा ०.४ चा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मंद टोकाकडच्या गुच्छांचा वर्णपट घ्यायची वेळ आली की मात्र रात्रच्या रात्र खातो.

छायाचित्रांचं म्हणाल तर दोघांचंही बरं चाललंय. कन्येवर कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीचं १०४ चौरस अंशांचं सर्वेक्षण आहे, पाच फिल्टरमधलं, आणि मध्यभागासाठी अवरक्तही. यू, आय आणि के हे प्रकाशाचे तीन पट्टे एकत्र मांडले की तारे, गुच्छ आणि मागच्या दूरच्या दीर्घिका आलेखावर इतक्या स्वच्छ वेगळ्या पडतात की पहिल्यांदा बघून मी खुर्चीतून उठलो होतो. फोर्नॅक्सवर व्हीएसटी दुर्बिणीचं २६ चौरस अंशांचं काम आहे आणि त्यातून ५६४ बटू दीर्घिकांची यादी २०१८ मध्ये आली. हबलने कन्येतल्या १०० दीर्घिका टिपल्या, फोर्नॅक्समधल्या ४३. पण हबलची चौकट साडेतीन कलांचीसुद्धा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) नाही, त्यामुळे समूहभर विखुरलेलं काही शोधायचं असेल तर तिचा उपयोग मर्यादितच.

इथवर कोणीही कन्याच घेईल. मीही घेतली.

घोडं पेंड खाल्लं ते अंतरापाशी. कन्या समूह हा एकसंध गोळा नाही. एम ८७ भोवतीचा एक गट, एम ४९ भोवतीचा दुसरा, आणि पाठीमागे काही ढग. त्यातला एक एनजीसी ४३६५ भोवतीचा, सुमारे २३ मेगापारसेकवर. आकाशात ती दीर्घिका एम ४९ पासून नैर्ऋत्येला जेमतेम दीड अंशावर दिसते, म्हणजे समूहाच्या अंगणातच. बरं, वेगावरून वेगळी काढावी म्हटलं, तर एम ८७ आणि एनजीसी ४३६५ या दोघींचे वेग जवळपास सारखेच, सेकंदाला साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. मुळात कन्येत वेग म्हणजे अंतर हे समीकरणच चालत नाही. एम ८६ तर आपल्याकडेच येतेय.

माझ्या यादीत याच भागातला एक अगदी फिकट डाग होता, प्रभावी त्रिज्या (जिच्या आत निम्मा प्रकाश येतो ती) १४ विकला, म्हणजे कलेचे चौदा साठांश. १६.५ मेगापारसेकवर धरला तर १.१ किलोपारसेकची साधी बटू दीर्घिका. २३ वर धरला तर १.५६, म्हणजे अतिविरल दीर्घिकेसाठी (आकाराने मोठी पण अत्यंत फिकट) रूढ असलेली १.५ ची रेघ ओलांडून पलीकडे. तेजही जवळपास दुप्पट. त्याच्याभोवती पाच-सहा गुच्छ, म्हणजे गुच्छांच्या तेजावरून अंतर काढायला फारच थोडे. पृष्ठतेजातल्या चढउतारांवरून अंतर काढता येतं, पण इतक्या फिकट डागाला ते मला काही साधलं नाही. एक डाग असता तर सोडून दिला असता. पण असे डाग वाढत गेले, आणि प्रत्येक तक्त्यात मला दोन रकाने ठेवावे लागले: ‘जवळ असल्यास’ आणि ‘मागे असल्यास’. दोन रकान्यांचा तक्ता घेऊन निष्कर्ष लिहायला बसा, मग कळेल.

त्यात आणखी एक पाहुणा. धनू बटू दीर्घिका आपल्या आकाशगंगेत ओढली जाऊन तिच्या ताऱ्यांचा जो प्रवाह पसरलाय, तो कन्येच्या नेमका पुढून जातो. त्यातले निळसर तारे रंगाने गुच्छांसारखे दिसू शकतात. अवरक्त पट्टा असेल तिथे निभतं. नसेल तिथे मी नुसता वजाबाकी करत बसायचो.

फोर्नॅक्समध्ये हा त्रास अजिबात नाही असं म्हणणार नाही. तिथेही एनजीसी १३१६ भोवतीचा एक उपगट आहे. पण तो मध्यवर्ती एनजीसी १३९९ पासून साडेतीन अंशांहून दूर, चक्क बाजूला. नकाशावर रेघ मारा, वगळा, झालं. उरलेला समूह आटोपशीर आहे. सगळ्यांना २० मेगापारसेक देऊन निश्चिंत झोपता येतं, निदान मला येते. आणि अतिसघन बटू दीर्घिका (गुच्छाहून मोठ्या, पण तशाच घट्ट) पहिल्यांदा सापडल्या त्या इथेच, विसाव्या शतकाच्या अखेरीस, तेव्हा तुलनेला जुना वर्णपटांचा साठाही आहे.

उणीव आहेच. नमुना लहान. दीर्घिकेच्या परिसराचा परिणाम तपासायला संख्या लागते, आणि ती फोर्नॅक्स देऊ शकत नाही. तुमचा प्रश्न तसा असेल, किंवा शेकडो केंद्रकयुक्त (मधोमध ताऱ्यांचा दाट गाभा असलेल्या) बटू दीर्घिका हव्या असतील, तर कन्याच घ्या. फक्त एम ८७ च्या आसपास राहा आणि एम ४९ च्या दक्षिणेला शक्यतो उतरू नका. दुसरं, फोर्नॅक्स उणे ३५ अंशांवर आहे. हाताशी असलेली दुर्बीण उत्तर गोलार्धात फार वर असेल तर प्रश्न आपोआप सुटला.

कोणी म्हणेल, कोमा समूह का नको? शंभर मेगापारसेकवर गुच्छ मोजणं किती निसरडं असतं ते तिथल्या ड्रॅगनफ्लाय ४४ या अतिविरल दीर्घिकेवरून बघा. हबलच्या त्याच छायाचित्रांवरून एका गटाने सुमारे ७४ गुच्छ मोजले, दुसऱ्याने सुमारे २०. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

दोन्हीकडची छायाचित्रं खुल्या संग्रहांत आहेत. ठरवण्याआधी दोन्हीकडची एकेक चौकट उतरवून आठवडाभर स्वतः ठिपके मोजून बघा. ज्या चौकटीत तुम्हाला दुसरा रकाना उघडावासा वाटेल, ती बाजूला ठेवा.