पुण्यातील खांदा तपासणीची सेवा: आईच्या निमित्ताने आलेला अनुभव
आईला रात्री उजव्या कुशीवर झोपवेना आणि वेणी घालायलाही हात वर जाईना, म्हणून आम्ही तिला खांद्याच्या विकारांसाठी असलेल्या एका दवाखान्यात नेले. आधीच्या ठिकाणी खांद्याला हातही न लावता एमआरआयची चिठ्ठी मिळाली होती. येथे मात्र डॉक्टरांनी दोन्ही खांदे शेजारी शेजारी पाहिले, आणि आईला स्वतः हात किती उचलता येतो व त्यांनी उचलल्यावर तो किती जातो, यातील फरक नोंदवला. सांधा आखडला असेल तर दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे स्नायुबंध) फाटला असेल तर बहुधा जातो, पण बळ पुरत नाही. अंगठा जमिनीकडे वळवून उचललेला हात त्यांनी खाली दाबला, तेव्हा सुप्रास्पायनेटस या रोटेटर कफमधील, हात वर उचलायला मदत करणाऱ्या स्नायूचा अशक्तपणा आम्हालाही दिसला.

एक्स-रेत स्नायुबंध दिसत नाहीत, तरी हाडांमधील अंतर व सांध्याची झीज कळते, म्हणून तो आधी काढला. सोनोग्राफीत हात हलवत असतानाच फाटलेली जागा पडद्यावर दाखवली. एमआरआय शस्त्रक्रियेचा विचार पुढे आल्यावरच केला, कारण स्नायुबंध किती मागे सरकला आहे आणि स्नायूत चरबी किती साठली आहे, हे त्यात नीट समजते. साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही असे छेद आढळतात. त्यामुळे नुसत्या अहवालावरून शस्त्रक्रिया ठरवणे मला धोक्याचे वाटते. ताटकळावे मात्र फार लागते आणि खुर्च्या अपुऱ्या आहेत. वयस्कर रुग्णांसाठी हे सुधारायलाच हवे.