रिमोटचा पंखा: वारा चोख, बटण बेपत्ता

छताच्या पंख्याला रिमोट कशाला हवा, असं घरातली वडीलधारी माणसं विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पंख्याच्या पोटात आहे. रिमोटचे हे पंखे बहुधा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे असतात. त्यांच्या आत लोहचुंबक असलेली मोटर आणि एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. घरातली २३० व्होल्टची एसी वीज हे कार्ड डीसी करतं आणि वेटोळ्यांना पाळीपाळीने पुरवतं. पंखा किती वेगाने फिरवायचा हे कार्डच ठरवतं. जुन्या पंख्यात भिंतीवरचा रेग्युलेटर व्होल्टेज कमी करायचा आणि पंखा मंद व्हायचा. इथे व्होल्टेज थोडं कमी केलं तर कार्ड ते भरून काढतं आणि वेग तोच राहतो. फार कमी केलं तर पंखा गचके देतो, बंद पडतो, आणि कार्डही जळू शकतं. म्हणून भिंतीवरचा रेग्युलेटर गेला आणि रिमोट आला. सोयीसाठी आला असं जाहिरातीत म्हणतात. खरं कारण मोटरीचं आहे.

आधी कौतुक, कारण ते या पंख्याने कमावलेलं आहे. ४८ इंची साधा पंखा पूर्ण वेगाला ७० ते ८० वॅट खातो, तेवढाच वारा देणारा बीएलडीसी २८ ते ३५ वॅटमध्ये भागवतो. फरक ४५ वॅटचा धरा. दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस पंखा चालला तर सुमारे २०० युनिट वाचतात. युनिटचा सरासरी दर ८ रुपये धरला तर एका पंख्यामागे वर्षाला १६०० रुपये होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात. वाचलेली युनिटं वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या बिलात फरक जास्त दिसतो. साध्या पंख्याहून हजार-बाराशे रुपये जास्त मोजावे लागतात, ते दिवसरात्र फिरणाऱ्या पंख्यात वर्षभरात वसूल होतात.

इन्व्हर्टर असलेल्या घरात तर दुसरा विचारच करू नये. चार साधे पंखे ३०० वॅट घेतात, चार बीएलडीसी १२०. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर नुसते पंखे चालवले तर साडेतीन-चार तासांच्या जागी आठ-नऊ तास निघतात. शिवाय साध्या इन्व्हर्टरवर जुना पंखा जो घूंऽऽ असा घुमतो, तो आवाज इथे नाही, कारण आलेली वीज कार्ड आधी डीसीच करून घेतं. रात्री वीज गेली तरी लेकरू जागं होत नाही. हा गुण खोक्यावर ठळक छापायला हवा होता. छापलेला असतो तो ‘स्मार्ट’ हा शब्द.

हे पंखे घराघरांत पोचवण्यात ॲटमबर्गचा वाटा मोठा आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी ती कंपनी २०१२ साली काढली. आता क्रॉम्प्टन, ओरिएंट, हॅवेल्स, उषा, बजाज सगळेच असे पंखे विकतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकित लेबल सक्तीचं झालं. त्या लेबलवरच्या ताऱ्यांशिवाय हवेचा आकडा पाहा: मिनिटाला किती घनमीटर हवा आणि किती वॅटमध्ये. ४८ इंची पंख्याला २१० च्या पुढचा आकडा असेल तर हॉलमध्ये वारा लागतो. नुसते कमी वॅट पाहून घेतलेला पंखा मे महिन्यात पस्तावायला लावतो.

आता गाऱ्हाणं. ते मनापासून आहे.

जुना रेग्युलेटर आंधळ्या माणसालाही वापरता येत असे. काळा बेकेलाइटचा डबा, त्यावर एक ते पाच आकडे आणि टक-टक वाजणारी मूठ. आतल्या तारेत वीज उष्णता होऊन वाया जायची, डबा तापायचा, हे सगळं खरं. पण तो रात्री तीन वाजता दिवा न लावता सापडायचा, कारण तो कुठेही जात नसे. रिमोट जातो. तो गादीच्या फटीत जातो, उशीच्या अभ्र्यात जातो, पांघरुणाबरोबर घडी होऊन कपाटात जातो. त्यात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एसीचा रिमोट, सगळे काळे आणि एकाच लांबीचे. पहाटे गार वाजलं म्हणून माणूस चाचपडत हाताला येईल तो रिमोट दाबतो आणि टीव्हीवर बातम्या सुरू होतात. पाहुणे बिचारे स्विचबोर्डवरची सगळी बटणं दाबून दिवे पेटवतात, विझवतात, आणि शेवटी ‘असू दे, गरम नाही होत’ म्हणून घाम पुसत बसतात.

यावर उपाय आहेत. खोक्यात रिमोटचा भिंतीवरचा स्टँड येत असेल तर दुतर्फी चिकटपट्टीवर विसंबू नका, पावसाळ्यात ती सुटते. स्विचबोर्डाशेजारी चार-साडेचार फुटांवर दोन स्क्रूंनी पक्का बसवा, आणि रिमोट वापरून झाला की तिथेच परत ठेवायचा हा नियम घरात लावा. चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला की अंधारातही बोटाला कळतो. रिमोटवर प्लास्टिकचं कव्हर चढवत असाल तर पुढचं टोक मोकळं ठेवा. मळकं कव्हर इन्फ्रारेड किरण अडवतं.

रिमोट चालत नाही अशी शंका आली तर फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट ठीक आहे आणि खोट पंख्याकडच्या, किरण टिपणाऱ्या डोळ्यात आहे. बऱ्याचदा तिथे नुसती धूळ बसलेली असते. उजेड दिसला नाही तर बारीक पेन्सिल सेल बदला. सेल पाझरून पत्र्यावर हिरवट-पांढरा थर आला असेल तर तो खरवडून पुसल्याशिवाय नवे सेलही चालणार नाहीत. ही परीक्षा इन्फ्रारेड रिमोटची. काही पंख्यांना रेडिओ लहरींचा रिमोट असतो, तो कॅमेऱ्यात काहीच दाखवत नाही. अनेक शाओमी फोनांत इन्फ्रारेड सोय असते, त्यावर पंख्याचा रिमोट जोडून ठेवला तर अडीनडीला कामी येतो.

हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे असतील तर घेण्याआधी दुकानातच विचारा: एका रिमोटने दोन्ही फिरणार का? इन्फ्रारेडमध्ये बहुधा दोन्ही फिरतात. सोफ्यावरचा वेग वाढवतो, जेवणाच्या टेबलावरची पोळी उडते. रेडिओ रिमोट एकेका पंख्याशी जोडता येतो. वीज चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ठरलेलं बटण दाबून धरायचं असतं. नेमकं कुठलं आणि किती वेळ, ते माहितीपत्रकात असतं, म्हणून ते पत्रक फेकू नका.

सगळ्यात जास्त घोळ मात्र भिंतीवरचं बटण आणि रिमोट या दोन मालकांमुळे होतो. पंखा रिमोटने बंद केला, मग कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटणही बंद केलं. सकाळी बटण चालू केलं तरी पंखा हलत नाही, कारण आपण बंद होतो एवढंच त्याच्या लक्षात आहे. ‘पंखा जळला’ म्हणून वायरमनला फोन जातो. तो येतो, रिमोट दाबतो, फेरीचे पैसे घेऊन जातो. काही मॉडेलं बटण चालू होताच आधीच्या वेगाने फिरायला लागतात, आणि काहींमध्ये भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो. वडीलधाऱ्यांच्या खोलीसाठी असंच मॉडेल मागा. त्याहून चांगलं म्हणजे भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखे आता मिळतात, त्यांची थोडी जास्त किंमत द्यायला काहीच हरकत नाही. आणि पाती पुसायला स्टुलावर चढताना पंखा नेहमी भिंतीवरून बंद करा. रिमोट खाली खेळणाऱ्या मुलाच्या हातात असू शकतो.

रिमोटचा पंखा बसवताना जुना रेग्युलेटर काढून टाकायला सांगा. ‘राहू द्या, पाचावर ठेवा’ असं वायरमन म्हणेल. पाचावर बहुतेक रेग्युलेटर वीज सरळ सोडतात, त्यामुळे त्या दिवशी काही बिघडत नाही. पण दिवाळीची साफसफाई करताना कुणीतरी मूठ फिरवतं आणि कार्ड जातं. दोन तारा जोडून, वर कोरी पट्टी लावून विषय संपवावा. बाकीचं काम नेहमीच्याच पंख्यासारखं: हुकातला रबरी बुश नवा, बोल्टला स्प्लिट पिन उघडून वळवलेली, सुरक्षा तार वेगळ्या आधाराला, पाती जमिनीपासून किमान साडेसात फुटांवर. वरचा कप छताला टेकला की खरखर येते, अर्धा इंच खाली ठेवा. दोन पंखे एकदम बसवताना पात्यांची खोकी एकमेकांत मिसळू देऊ नका. पाती संचाने तोललेली असतात, अदलाबदल झाली की पंखा डुलतो.

बिघाडाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. जुना पंखा मंदावला की कोपऱ्यावरच्या दुकानातून अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर शे-सव्वाशेच्या आत मिळतो आणि दहा मिनिटांत बसतो. वायंडिंग जळलं तरी गल्लीत भरून मिळतं. म्हणूनच तीस-तीस वर्षं फिरणारे पंखे आपल्या घरांत आहेत. बीएलडीसीत बिघडतं ते कार्ड, आणि एका कंपनीचं दुसऱ्याला लागत नाही. कोकणात पावसाळ्यातल्या विजांनी आणि गावाकडे वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजने कार्डं जातात. गडगडाट सुरू झाला की पंखा भिंतीवरून बंद करावा. घेताना वॉरंटी ‘पंख्यावर’ किती हे न विचारता, कार्डावर किती आणि रिमोटवर किती हे वेगवेगळं विचारा. रिमोटची बहुधा आधी संपते. तालुक्याच्या गावी त्या कंपनीचा माणूस येतो का, हेही विचारा. येत नसेल तर एक तारा कमी असलेला पंखा घ्या, पण माणूस येणाऱ्या कंपनीचा घ्या.

वाय-फायवाल्या पंख्यांची शिफारस करणार नाही. ते बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झलाच जोडले जातात. राउटर ५ वर असेल तर फोनला नेट आहे आणि पंखा शोधतोच आहे. राउटरचा पासवर्ड बदलला की घरातले सगळे पंखे पुन्हा एकेक करून जोडा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा फिरतो पण राउटर बंद असतो, म्हणजे गरजेच्या वेळी आवाजी हुकूम कुणी ऐकत नाही. हजारभर रुपये त्यासाठी जास्त देऊ नयेत. झोपेचा मोड आणि टायमर मात्र साध्या रिमोटमध्येही असतात आणि ते उत्तम चालतात: पहाटे आपोआप मंद होणारा पंखा थंडीच्या तोंडावर खरोखर सुखाचा आहे. फक्त दर बटणाला ‘टीक’ वाजणारं आणि रात्रभर निळा दिवा जळणारं मॉडेल झोपायच्या खोलीत आणू नका. दुकानात चालवून पाहा.

बैठकीच्या आणि झोपायच्या खोल्यांत बीएलडीसी लावा. स्वयंपाकघरात किंवा दिवसाला दोन-तीन तास फिरणाऱ्या पंख्याच्या जागी लावण्याची घाई नको. तिथे वर्षाला चाळीसेक युनिटंच वाचतात आणि जास्तीचे पैसे निघायला तीन-चार वर्षं लागतात. जुना पंखा चांगला असेल तर तिथेच हलवा, रेग्युलेटरसकट.