आयुष्मान कार्ड काढून देतो म्हणून मामांचे पैसे घेतले, अंगठाही घेतला. गावाकडं सगळ्यांना सांगा

माझे मामा बीड जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतात, केशरी रेशनकार्ड आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ यायला लागली, चालताना दम लागायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, अँजिओग्राफी करावी लागेल म्हणून सांगितलं. आता खर्च कसा करायचा म्हणून मामेभावानं मोबाईलवर आयुष्मानच्या यादीत नाव बघितलं तर नावच निघालं नाही. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

तहसीलसमोर झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म वगैरेची दुकानं असतात, त्यातल्या एका दुकानात एक एजंट बसतो. तो म्हणाला काका, यादीत नाव नाही म्हणजे तुम्ही योजनेत बसतच नाही, आता नाव वरून चढवावं लागेल, उत्पन्नाचा दाखला जोडावा लागेल, मुंबईला साहेबाला द्यावे लागतात, बारा हजार होतील. आणि कार्ड हातात आल्याशिवाय ॲडमिट होऊ नका, नाहीतर सगळं बिल तुमच्या डोक्यावर बसेल. छातीत दुखणाऱ्या माणसाला हे सांगितलं त्यानं! मामांनी सात हजार रोख दिले, बाकीचे भावानं मोबाईलवरून पाठवले, पावती काही नाही.

मग केवायसीच्या नावाखाली त्यानं मामांचा अंगठा घेतला. शेतात काम करणाऱ्याच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन पटकन घेत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे, त्याचाच फायदा घेतला. लागला नाही काका, परत ठेवा, दुसरं बोट ठेवा, पुसून ठेवा असं कितीतरी वेळ चाललं आणि मशीनची स्क्रीन पूर्ण वेळ त्याच्याच बाजूला. मामी शेजारी उभ्या होत्या, त्यांनाही वाटलं कार्डाचंच काम चाललंय.

कार्ड आलं. चकचकीत प्लास्टिकचं, मामांचा फोटो, क्यूआर कोड, सगळं अगदी खऱ्यासारखं. पण ते येईपर्यंत मामा दुखणं अंगावर काढत घरीच पडून होते, याचा मला जास्त राग आहे. पैसे परत कमावता येतात.

दवाखान्यात मी सोबत गेले. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं कार्ड दिलं. त्या मुलीनं नंबर टाकला तर स्क्रीनवर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका बाईंचं नाव आलं. तिनं परत टाकून बघितला, तेच. मामांचा चेहरा उतरला, मला म्हणाले चल घरी, आपलं काही बसत नाही यात. तेवढ्यात तिनं विचारलं, रेशनकार्ड आणलंय का? पिशवीत होतं. रेशनकार्ड आणि आधार बघितलं, नंबर टाकला आणि म्हणाली मामा, तुम्ही तर योजनेत आहातच, कार्डासाठी पैसे कोणाला दिले?

आता नीट वाचा, कारण एजंट लोक नेमके इथेच गंडवतात. आयुष्मान भारतची मूळ यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून केलेली होती, त्यात गावातल्या कितीतरी गरीब घरांची नावं नव्हती. पण आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे (आधी राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे तीच, 2012 ला सुरू झालेली), ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर आधीपासून चालते. 1 जुलै 2024 पासून पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आधी ही मर्यादा दीड लाख होती. म्हणजे आयुष्मानच्या यादीत नाव सापडलं नाही तरी दार बंद होत नाही. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही आणि मुंबईहून कोणी साहेब नाव चढवत नाही. इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. फक्त दवाखाना योजनेतला पाहिजे आणि तो आजार योजनेच्या यादीत पाहिजे, ते जायच्या आधी योजनेच्या 155388 या नंबरवर फोन करून विचारून घ्या. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यातच होतात, तेही त्याच फोनवर कळतं.

एक खरी अडचण असते, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही किंवा सुनेचं, लहान मुलांचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं. ते काम तहसीलच्या पुरवठा विभागात होतं, घरात सगळे धडधाकट आहेत तेव्हाच करून ठेवा. दुखणं आल्यावर धावपळ होते आणि तेव्हाच हे एजंट गाठतात.

मामांना दोन स्टेंट पडले, योजनेतून. औषध, जेवण, कशालाच पैसे लागले नाहीत, घरी जाताना एसटीचं भाडंसुद्धा मिळालं.

घरी आल्यावर पीएम किसानचा हप्ता बघायला पासबुक भरून आणलं तर खात्यातून साडेआठ हजार गेलेले, आधारवरून अंगठ्यानं काढलेले, तारीख बघितली तर ज्या दिवशी त्या दुकानात अंगठा घेतला तीच! बँकेत मोबाईल नंबर जुना दिलेला होता म्हणून मेसेजही आला नाही. सोयाबीनचे पैसे होते ते. म्हणून सांगते, आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट आहे, मोबाईलवरून होतं, म्हाताऱ्या माणसांचं तर आजच करून टाका, गरज लागली की थोड्या वेळासाठी उघडता येतं. कोणी अंगठा मागितला तर स्क्रीन आपल्याकडं वळवायला लावा, नाही म्हणाला तर उठून या.

आम्ही 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, बँकेत लेखी अर्ज दिला, पोलीस ठाण्यातही दिला. रोख दिलेल्या सात हजारांचा पुरावा नाही म्हणून ते अजून अडकलेत, पण मोबाईलवरून पाठवलेल्या पाच हजारांची नोंद आणि पासबुकातली एंट्री यावर चौकशी सुरू झालीय. ते खोटं कार्डही आम्ही जपून ठेवलंय. आमच्याच गावात अजून तीन घरांत तसलीच कार्डं निघाली, त्यांनाही सोबत घेऊन पुढचा अर्ज देणार आहोत. तुमच्या घरात असं पैसे देऊन काढलेलं कार्ड असेल तर योजनेतल्या जवळच्या दवाखान्यात आरोग्यमित्राकडं नेऊन नंबर तपासून घ्या, आणि खोटं निघालं तरी फेकू नका, तक्रारीला तेच लागतं.