इरास्मस मुंडस की चेव्हनिंग?

घाटंजी, आर्णीकडची पोरं पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतील, तर मी आधी इरास्मस मुंडस, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांचा संयुक्त मास्टर्स कार्यक्रमच सांगीन. कामाचा अनुभव लागत नाही. किमान दोन देशांत शिकणं होतं, म्हणजे तिथली भाषा, जेवण, सण, माणसं जवळून कळतात. शिष्यवृत्ती मिळाली की फी माफ, वर महिन्याला 1400 युरो. वावर गहाण टाकायची पाळी येत नाही.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. त्यात ब्रिटनमधलं एका वर्षाचं मास्टर्स, खर्च त्यांचाच. पण आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि नंतर दोन वर्षांसाठी भारतात परतावंच लागतं. गावातच काम उभारायचं असेल, तर ही अट उलट सोयीची.

इरास्मसचे बहुतेक अर्ज ऐन कापूस वेचणीत येतात. प्राध्यापकांकडं शिफारसपत्रं पोळ्यालाच मागून ठेवा.