एका इंजेक्शनात खाज बंद करणाऱ्यांपासून सावध राहा

पावसाळ्यात आमच्या कुत्र्याच्या, चिकूच्या, डोळ्यांभोवतीचे केस गेले, पुढच्या पंजांवर लाल चट्टे उठले. पुण्यात सिंहगड रोडच्या आमच्या भागात एक गृहस्थ घरी येऊन कुत्र्यांवर उपचार करतात. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. त्यांनी लांबूनच बघितलं. "ताई, उष्णता आहे. चिकन बंद करा, एका इंजेक्शनात बरा होईल." इंजेक्शन, बिनलेबलचं मलम, पुडीतल्या गोळ्या. साडेतीन हजार रुपये, पावती नाही.

खाज खरंच थांबली, आणि त्यांचा सगळा धंदा त्या थांबण्यावरच चालतो. असर ओसरला की पुन्हा फोन, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा पैसे. चिकू भांडंभांडं पाणी पिऊ लागला, घरातच लघवी करू लागला, सतत भुकेला. "औषध लागू पडतंय," म्हणे. तोवर चट्टे पोटापर्यंत गेले आणि त्यात पू झाला.

औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात हे ऐकताच डॉक्टर म्हणाल्या, खाज तात्पुरती दाबणारं स्टेरॉइड दिलेलं दिसतंय. ब्लेडने कातडी किंचित रक्त येईपर्यंत खरवडून त्यांनी मायक्रोस्कोपखाली दाखवली. लांबुळके किडे होते, डेमोडेक्स. हे निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशीही थोडे असतातच. प्रतिकारशक्ती घटली की फोफावतात. स्टेरॉइड नेमकी तीच घटवतं. म्हणजे पैसे देऊन आजार वाढवून घेतला जात होता. संताप येतो तो मुक्या जिवाच्या हालांचा.

कानांच्या कडा आणि कोपरांवर अनावर खाज असेल तर खरूज असू शकते, गोल टक्कल पडलं तर बुरशी. दोन्ही माणसांनाही लागतात. पण नुसत्या नजरेने खात्री होत नाही आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे, म्हणून त्वचा तपासल्याशिवाय इंजेक्शन देऊ देऊ नका. औषधाचं नाव लिहून मागा, बाटलीचा फोटो काढा. राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांकही विचारा. १९८४ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असे उपचार करता येत नाहीत. आमच्या गृहस्थांनी क्रमांक विचारल्यावर फोनच उचलणं सोडलं.

चिकूचे उपचार अजून चालू आहेत. महिन्याच्या अंतराने दोनदा तपासणी स्वच्छ आली की मगच औषध थांबेल. तुमच्याकडेही अशा पुडीतल्या गोळ्या चालू असतील तर घाबरून एकदम बंद करू नका, स्टेरॉइड अचानक तोडणं धोक्याचं असतं. पुडी घेऊन आजच नोंदणीकृत डॉक्टरांकडे जा.