सोलर पॅनेलखालची कबुतरं आणि जाळीवाले

इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवर सोलर पॅनेलखाली कबुतरांनी संसारच थाटला होता. दिवसभर घुटर्रघूं, आणि वाळत घातलेल्या पापडांवर विष्ठा! जाळी बसवणारी पोरं आली, कोपऱ्यात चार काड्यांवर दोन पांढरी अंडी दिसली आणि त्यांनी कामच थांबवलं. अंडी साधारण 18 दिवसांत फुटतात, पुढे महिनाभरात पिल्लं उडतात, मग बोलवा म्हणाले. सासूबाई तेवढ्यावरच खूश. नंतर येऊन मास्क लावून विष्ठा आधी पाण्याने भिजवली, मगच खरवडली. कोरडी झाडली तर धूळ छातीत जाते. जाळी क्लिपांनी बसवली, पॅनेलला भोक नाही. पाइपाजवळ मूठभर फट राहिली होती, ती फोन केल्यावर बुजवून गेले. दर मात्र चढाच, घासाघीस करा.