खिशातली इंग्लिश-मराठी डिक्शनरी: छपाई भारी, शब्दांच्या अर्थात मार खाल्ला

भाची स्पर्धा परीक्षा करायलीय म्हणून संभाजीनगरला औरंगपुऱ्यातून ही घेतली. कागद पातळ पण अक्षर स्वच्छ, बाइंडिंग पण मजबूत, पैशाच्या मानानं बरीच म्हणायची. पंचाईत अर्थाची हाय. डिस्कव्हरी काढा, शोध. इन्व्हेन्शन काढा, तिथंबी शोध! लेकरांनी समजायचं काय? अहो जे आधीपासून होतंच आणि नंतर कळलं ती डिस्कव्हरी, जसं आपलं अजिंठा, 1819 ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात लेणी दिसली (गावातल्या लोकांना काय माहीत नव्हती का, ते सोडा), आणि ग्रॅहम बेलनं 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट घेतलं ते इन्व्हेन्शन, म्हणजे नव्यानं बनवलेली वस्तू. रामन इफेक्ट (पदार्थातून विखुरलेल्या थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, हे सी. व्ही. रामन यांना दिसलं ते) 1928 चा, तीपण डिस्कव्हरीच. एवढा फरक एका ओळीत देता आला असता की. फाइंडिंग्जला मात्र 'निष्कर्ष' दिलाय, अहवालात तसंच वापरतात, ते बरोबर. उच्चार मराठीत दिलेत ते लई कामाचं, पण वाक्यात शब्द कसा वापरायचा ह्याचं एक उदाहरण नाही. पाचवी-सहावीच्या लेकरांना चालंल, परीक्षावाल्यांनी दोन पैसे जास्त घालून मोठीच घ्या.